पुढें काय?

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो, "पुढें काय?" आप्तेष्ट विचारतात, शेजारी विचारतात; अभिनंदन करण्यास आलेला मनुष्यहि पेढा तोंडांत टाकतां टाकतां हाच प्रश्न विचारतो. ज्याच्यापाशीं उत्तर तयार असतें तो हुशार ठरतो. ज्याच्यापाशीं तें नसतें तो मान खालीं घालतो. हा लेख त्या मान खालीं घालणाऱ्यासाठीं आहे, आणि त्याच्या आईबापांसाठींहि आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. शाळेंत असतांना तो पहिल्या दहांत असे. आतां तो अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जावयास उठल्यावर उंबरठ्याशीं थांबून तो म्हणाला, "सर, पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत मी नापास झालों. घरीं अजून सांगितलेलें नाहीं. बाबांनीं फीसाठीं बँकेचें कर्ज काढलें आहे. आणि खरें सांगूं? मला पुढें काय व्हायचें आहे तेंच मला कळत नाहीं. बाकी सगळ्यांना कळतें. मला एकट्यालाच कळत नाहीं."

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. तीन वर्षांपूर्वीं त्याचे वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले होते. तेव्हां मींच त्याच्या गुणपत्रिकेवरून नजर फिरवून सांगितलें होतें, "गुण उत्तम आहेत. शास्त्रशाखेला घाला, पुढें संगणकाचा अभ्यास करूं द्या." मुलगा शेजारींच उभा होता. त्याला आम्हां दोघांपैकीं कोणींहि एक शब्द विचारला नाहीं. ती चूक माझी होती. ती पुन्हां माझ्या हातून होऊं नये, आणि दुसऱ्या कोणाच्या हातूनहि होऊं नये, म्हणून हें लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतों. सोळाव्या किंवा विसाव्या वर्षीं आपला मार्ग निश्चित नसणें यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. त्या वयाच्या मुलानें धंदे तरी किती पाहिलेले असतात? शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, आणि आपल्या वडिलांचा व आईचा व्यवसाय. यांखेरीज इतर धंद्यांचीं नुसतीं नांवें त्याच्या कानांवर आलेलीं असतात. जें पाहिलें नाहीं त्यांतून निवड कशी करावी? तेव्हां ज्याला कळत नाहीं तो मूर्ख नव्हे. त्याला पुरेशी माहिती मिळालेली नाहीं एवढेंच. आणि माहिती मिळवितां येते. ती खोलींत बसून, छताकडे पाहत, "माझें आयुष्यांतील ध्येय काय?" असा विचार करून मात्र मिळत नाहीं. तीसाठीं उठावें लागतें, विचारावें लागतें आणि हातानें कांहीं करून पाहावें लागतें.

हा विचार नवा नाहीं. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थानें १९०८ सालीं तरुणांना व्यवसायाच्या निवडींत साहाय्य करणारी एक कचेरी उघडली. त्यानें स्वतः अभियंत्याचें शिक्षण घेतलें होतें. पुढें तो शाळेंत शिक्षक झाला, वकील झाला, प्राध्यापकहि झाला. मार्ग बदलणें म्हणजे काय, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. त्याच वर्षीं तो वारला, आणि त्याचें पुस्तक १९०९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या पद्धतीच्या तीन पायऱ्या आहेत: आपण स्वतः कसे आहों तें ओळखणें, तो तो व्यवसाय कसा आहे तें जाणणें, आणि या दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं याचा प्रामाणिक विचार करणें. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी या विषयांतील पुष्कळशा शास्त्राचा पाया हाच आहे. या तीन पायऱ्या आपण क्रमानें पाहूं.

पहिली पायरी, स्वतःची ओळख. ही वाटते तितकी सोपी नाहीं. "तुला काय आवडतें?" असें विचारलें तर मुलगा बहुधा आपल्या मित्रांना जें आवडतें तेंच सांगतो. म्हणून आपल्या आवडीला प्रश्न न विचारतां आपल्या वागणुकीला विचारावा. एक लहानशी वही करावी आणि तीन आठवडे रोज रात्रीं तींत चार ओळी लिहाव्या. आज कोणतें काम मीं कोणी न सांगतां केलें? कोणतें काम करतांना वेळेचें भान राहिलें नाहीं? कोणतें काम मीं टाळलें? आणि कोणत्या कामासाठीं दुसऱ्यांनीं माझी मदत मागितली? यांतील चौथा प्रश्न विसरूं नका. आपल्या अंगचा गुण आपल्याआधीं शेजाऱ्याला दिसतो. घरांतील हिशेब तुझ्याकडे येतो कीं बिघडलेला पंखा, रडणारें मूल येतें कीं अर्ज लिहिण्याचें काम, यांत पुष्कळ सांगितलेलें असतें.

स्वतःची ओळख म्हणजे केवळ गुणांची ओळख नव्हे, उणिवांचीहि ओळख. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण पाहा. चित्रकार व्हावें म्हणून ते १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं, असें आढळून आलें. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? त्यांनीं रंग सोडले. पण रेखा सोडल्या नाहींत. रेखनाचा हात चांगला होता, म्हणून ते यंत्रांच्या आकृति काढावयास शिकले, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत तोच विषय शिकवूं लागले. त्यानंतर बेळगांवांत सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी. एक दार बंद झालें तेव्हां त्यांनीं कपाळाला हात लावला नाहीं. आपल्यापाशीं काय शिल्लक आहे तें पाहिलें.

दुसरी पायरी, व्यवसायाची ओळख. आपण व्यवसाय दुरून पाहतों, आणि दुरून डोंगर साजरे दिसतात. न्यायालयांत बोलणारा वकील दिसतो. रात्रीं जागून कागद वाचणारा वकील दिसत नाहीं. म्हणून जो व्यवसाय मनांत असेल त्यांतील निदान तीन माणसांना भेटावें, आणि नम्रपणें विचारावें: सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण काय करतां? यांत कंटाळवाणें काय आहे? शिकावयास किती वर्षें आणि किती पैसा लागला? पहिल्या पांच वर्षांत मिळकत काय होती? पुन्हां तरुण झालां तर हेंच निवडाल काय? तीन माणसें सांगितलीं, कारण एकच मनुष्य आपल्या सुखदुःखाचेंच बोलेल. शक्य असेल तर त्या ठिकाणीं चार दिवस नुसतें बसावयाची परवानगी मागावी. आपल्या शाळेच्या पालकवर्गांत परिचारिका आहेत, सुतार आहेत, बँकेंतील अधिकारी आहेत, रिक्षाचालक आहेत, औषधविक्रेते आहेत. ही आपल्या दाराशीं असलेली पाठशाळाच होय.

याच पायरीवर आंकडेहि पाहावे लागतात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला २०२४ सालीं देशभरांतून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम. बी. बी. एस. च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठीं अलीकडे दरवर्षीं दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात. जागा हजाराच्या आसपास असतात. या परीक्षा देऊंच नयेत असें मी म्हणत नाहीं. ज्याचा ओढा खरा आहे त्यानें अवश्य द्याव्या. परंतु आपण किती वर्षें देणार, आणि न साधल्यास कोणत्या वाटेनें जाणार, हें आरंभींच कागदावर लिहून घरांत सर्वांना दाखवावें. दुसरी वाट आंखून ठेवणें हा भित्रेपणा नव्हे. होडींत बसणारा कोळीहि वल्हें बरोबर घेतोच. शिवाय रुग्णसेवा करावयाची इच्छा असेल तर डॉक्टर हें तिचें एकच रूप नाहीं. शुश्रूषा, औषधनिर्माण, प्रयोगशाळेंतील तपासणी, अपंगांना हालचाल शिकविणें, हीं सारीं त्याच घरचीं कामें आहेत.

तिसरी पायरी, मेळ. वही एका हातांत आणि मिळविलेली माहिती दुसऱ्या हातांत घेऊन विचार करावयाचा. येथें दोन मोह आड येतात. एक मोह असा कीं, "ज्यांत पैसा आहे तेंच करावें." दुसरा असा कीं, "जें आवडतें तेंच करावें, पैशाचें पुढें पाहूं." दोन्ही अर्धींच सत्यें आहेत. ज्या कामाचा तिटकारा आहे त्यांत पैसा मिळाला तरी मनुष्य झिजतो. आणि ज्या घरांत दोन वेळच्या जेवणाची चिंता आहे तेथें मुलानें मिळकतीचा विचार न करणें हा शहाणपणा नव्हे. ज्याला लौकर कमाविणें भाग आहे त्यानें आधीं कमावावें आणि शिक्षण पुढें चालू ठेवावें. त्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. मेळ बसतो कीं नाहीं याची शंका असेल तर मोठी उडी घेण्यापूर्वीं लहान पाऊल टाकून पाहावें. दोन वर्षांचा प्रवेश घेण्याआधीं दोन आठवड्यांचें काम करावें.

आतां कोणी म्हणेल, "हें सर्व ठीक आहे, पण माझें पाऊल आधींच चुकलें आहे, त्याचें काय?" आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता. त्याला मीं दोन माणसांच्या हकीकती सांगितल्या.

पहिली दादासाहेब फाळके यांची. त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. ते चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनांत आणखी कला शिकले, गोध्र्यास छायाचित्रें काढण्याचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, छापखाना काढला आणि भागीदारांशीं न पटल्यामुळें सोडला. चाळिशीला पोंचलेल्या या माणसाला पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मान हालविली असेल. पुढें मुंबईंत त्यांनीं ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला, १९१२ सालीं विलायतेस जाऊन तें तंत्र शिकून घेतलें, आणि ३ मे १९१३ रोजीं "राजा हरिश्चंद्र" मुंबईंत लोकांसमोर आला. त्या चित्रपटाला काय काय लागलें? चित्रकाराची दृष्टि लागली, छायाचित्रकाराचा हात लागला, छापखान्यांतील रसायनांची व यंत्रांची माहिती लागली. जीं वर्षें वायां गेलीं असें दिसत होतें, त्यांतील एकहि वायां गेलें नव्हतें.

दुसरी सलीम अली यांची. मुंबईच्या या मुलाला कॉलेजचा अभ्यास जड गेला. तो मधेंच सोडून ते ब्रह्मदेशांत आपल्या घराण्याच्या व्यवसायांत गेले. १९१७ सालीं परत आल्यावर त्यांनीं व्यापारी कायदा व हिशेब शिकण्यास आरंभ केला. परंतु त्यांचें खरें लक्ष पक्ष्यांकडे आहे हें सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञानें ओळखलें, आणि त्यांना प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. फादरांनीं आज्ञा केली नाहीं. नुसतें ओळखलें आणि सुचविलें. तरीहि वाट सोपी झाली नाहीं. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें त्यांना सरकारी जागा मिळाली नाहीं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत काम मिळालें; पण जर्मनीतून अधिक शिकून १९३० सालीं ते परत आले तेव्हां पैशाअभावीं ती जागाच राहिली नव्हती. ते अलिबागेजवळच्या किहीम गांवीं राहावयास गेले, आणि तेथें सुगरण पक्ष्यांचा संसार निरखीत बसले. त्या निरीक्षणांतून निघालेल्या निबंधानें त्यांचें नांव झालें. १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक निघालें. तें आजहि पक्षिप्रेमींच्या हातांत असतें. नोकरी गेलेल्या काळांतहि त्यांनीं काम सोडलें नव्हतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मुलींना मी कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची आठवण देतों. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. तेव्हां संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. मुलगी म्हणून त्यांनीं नकार दिला. कमलाबाईंनीं तो नकार मुकाट्यानें घेतला नाहीं. कारण विचारलें, आणि संधि मागितली. एक वर्ष काम पाहून मग ठरवूं या अटीवर प्रवेश मिळाला. त्या अटीला उतरल्या, आणि पुढें मुलींसाठीं तेथील दार उघडलें. १९३९ सालीं त्यांना केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली, आणि कालांतरानें त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. मार्ग न सुचणें ही एक अडचण. मार्ग सुचूनहि दुसऱ्यांनीं तो अडविणें ही दुसरी. दुसरीला उत्तर धीटपणानेंच द्यावें लागतें.

आज वाट बदलण्याच्या सोयीहि पूर्वींपेक्षां अधिक आहेत, हें पालकांनीं जाणून घ्यावें. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत जातां येतें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत हातचें कसब शिकतां येतें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामुळें कारखान्यांत शिकतां शिकतां विद्यावेतन मिळतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें जेथें नवा पदवीक्रम सुरू आहे तेथें, ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन थांबतां येतें, व पुढें पुन्हां शिक्षण चालू करतां येतें. नोकरी करणाऱ्यांसाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मात्र वाट बदलण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःला विचारावा: मला हा विषय नकोसा झाला आहे, कीं फक्त अपयश नकोसें झालें आहे? पुष्कळदां विषय वाईट नसतो. परकें गांव, वसतिगृहांतील एकटेपण, इंग्रजींतील व्याख्यानें, यांनीं मन खचलेलें असतें. त्याला औषध निराळें.

आतां पालकांस दोन शब्द. आपण मुलांच्या काळजीपोटीं बोलतां, हें मी जाणतों. परंतु "लोक काय म्हणतील" हा व्यवसायमार्गदर्शक नव्हे. शेजारच्या मुलाचे गुण आपल्या मुलाच्या ताटांत वाढूं नका. शिक्षणासाठीं कर्ज काढावयाचें असेल तर त्याचा आंकडा मुलाला सांगा. पण तो त्याच्या डोक्यावर दगडासारखा ठेवूं नका. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मूल अपयश घेऊन घरीं येईल तेव्हां त्याला आधीं जेवावयास वाढा, मग विचारा. ज्या घरांत अपयश सांगतां येतें त्या घरांतील मूल वाट चुकलें तरी हरवत नाहीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. त्याच संध्याकाळीं मी त्याच्याबरोबर त्याच्या घरीं गेलों. त्यानें वडिलांना सर्व सांगितलें; मींहि माझी चूक सांगितली. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, एवढ्यासाठीं दिवाळीभर नीट जेवला नाहींस होय?" त्याची आई आंत गेली ती डोळे पुसूनच बाहेर आली.

तीन आठवड्यांनीं तो वही घेऊन आला. तींत तिन्ही रविवारीं एकच नोंद होती: मामाच्या पंपदुरुस्तीच्या दुकानांत गेलों, वेळ कळला नाहीं. संगणकाविषयींहि एक नोंद होती, ती अशी कीं, मामाच्या दुकानांतील सुट्या भागांची यादी त्यानें आपण होऊन संगणकावर मांडून दिली. म्हणजे विषयाचा द्वेष नव्हता; तो विषय कोणाच्या उपयोगीं पडतो, हें त्याला आजवर दिसलें नव्हतें. राहिलेल्या दोन विषयांपैकीं एक त्यानें सोडविला आहे. एक अजून उरला आहे. येत्या सुटींत तो एका कारखान्यांत शिकाऊ म्हणून जाणार आहे, आणि तेथून आल्यावर शाखा बदलावी कीं काय तें ठरविणार आहे. त्याचें सारें ठरलें आहे असें मी म्हणणार नाहीं. पण परवां रस्त्यांत भेटला तेव्हां एका गृहस्थानें त्याला माझ्यादेखत विचारलें, "मग, पुढें काय?" त्यानें मान खालीं घातली नाहीं. तो म्हणाला, "शोधतों आहें, काका."

विद्यार्थी मित्रहो, हें उत्तर पुरेसें आहे, मात्र तें खरें असलें पाहिजे. म्हणून या सुटीसाठीं एवढाच अभ्यास देतों: तीन आठवडे वही लिहावी, तीन व्यवसायांतील तीन तीन माणसांना भेटावें, एका ठिकाणीं निदान चार दिवस काम पाहावें अथवा करावें, आणि जें आढळेल तें एका संध्याकाळीं आईवडिलांजवळ बसून वाचून दाखवावें. शाळा उघडल्यावर ज्याला ती वही मला दाखवावीशी वाटेल त्यानें अवश्य यावें. या खेपेस मी गुणपत्रिकेआधीं वही पाहीन.